टोलीडोत चोरीला गेलेलं इंजिन

"तुझा विश्वास बसणार नाही. कुणाचाच बसणार नाही," असं म्हणत मेकॅनिक डेल्बर्ट स्टकीनं शेव्हेल गाडीचं बॉनेट वर केलं. "तुझं इंजिन सापडलं."

वेंडेल क्रूझेनं चष्मा चढवला. दवाखान्यातून घरी आल्यापासून तो आज पहिल्यांदा गॅरेजमध्ये आला होता, तोही मुलीचा, मार्लिसचा हात धरून.

"कुठलं इंजिन?"

"चोरीला गेलेलं. टोलीडोत."

ही चोरी अख्ख्या गावाला पाठ होती. वेंडेलनं अडुसष्ट साली ही शेव्हेल नवीकोरी घेतली. पुढं टोलीडो शहरात चोरांनी एका रात्रीत तिचं आठ सिलिंडरचं धूड पळवलं. नंतर बसवलेल्या इंजिनावरचा नंबर गाडीच्या कारखान्यातल्या नंबराशी जुळला नाही. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात कुणी वाकून नंबर बघू लागलं, की वेंडेल चोरीची गोष्ट सुरू करायचा.

ते दुसरं इंजिन यंदा फुटलं आणि म्हातारा खचला. जेवण सुटलं, बोलणं सुटलं. परवडेल असं एखादं इंजिन शोधते, असं मार्लिस म्हणाली, तर त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. "आता उपरं नको. माझं मिळालं तर आण."

म्हणून मग डेल्बर्टनं ते आणलं. म्हणजे एका शेतात सडत पडलेल्या कॅम्परचं, म्हणजे राहायच्या गाडीचं, आठ सिलिंडरचं इंजिन मार्लिसच्या ऐपतीत मिळवलं, धुतलं, रंगवलं आणि हातोडीनं त्यावर शेव्हेलचा नंबर ठोकला. मार्लिसला हे सगळं ठाऊक होतं. बापाला कळलं तर तो पुन्हा भिंतीकडे वळेल, हेही ठाऊक होतं.

"चोरानं ते एका कॅम्परवाल्याला विकलं होतं," डेल्बर्ट सांगू लागला. "त्या कॅम्परचं आता खुराडं झालंय. कार्ब्युरेटरवर कोंबडी बसलेली. मी इंजिन चालू केलं, तरी बया उठेना. शेवटी उठली, तर खाली सहा अंडी. उकडलेली."

"सगळी?"

"दोन अर्धकच्ची. त्या बाजूचा प्लग खराब होता."

वेंडेलच्या ओठांचा कोपरा हलला. टॉर्च घेऊन तो वाकला आणि त्यानं नंबरावरून अंगठा फिरवला. मार्लिसनं श्वास रोखला.

"जुळतोय," तो म्हणाला.

मग तो गाडीत बसला आणि त्यानं किल्ली फिरवली. फळीवरचे डबे थरथरले. डोळे मिटून तो बराच वेळ ऐकत राहिला.

"मार्लिस, मक्याचा पाव उरलाय का गं? लोणी लावून आण. पोटात कावळे ओरडतायत."

महिन्याभरात तिनं हे वाक्य ऐकलं नव्हतं. डोळे पुसत ती घरात पळाली.

वेंडेलनं खिडकीतून हात काढून डेल्बर्टचा हात धरला. "तुम्हा दोघांचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत, डेल्बर्ट."

"उपकार कसले. चोरानं जपून ठेवलं होतं, मी फक्त आणलं."

"अंड्यांपर्यंत मानतो मी," वेंडेल म्हणाला. "पण चोरी कधी झालीच नाही, गड्या. पोरीला सांगू नकोस. कारखान्यातून निघाली तेव्हा ही गाडी सहा सिलिंडरची होती."