यंदाचा गेम

"गवत एकदम खरं वाटतंय," मी माईकवर म्हणालो. फुटबॉलच्या यंदाच्या गेमचा रिव्ह्यू माझ्या चॅनेलसाठी चालला होता. शेजारी बाबा रिमोट धरून बसले होते.

दादा मैदानात खेळतानाच गेला. तेव्हापासून दर वर्षी नव्या गेममध्ये आम्ही आधी त्याला बनवतो. आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाची जर्सी, पाठीवर नऊ नंबर. त्याला खेळवायचं मात्र बाबांनीच.

स्क्रीनवर दादा बॉल घेऊन सुटला आणि मागून कुणीतरी त्याला पाडलं. तो उठेना. लगेच डॉक्टर पळत आले, मागोमाग स्ट्रेचर.

बाबांनी रिमोट खाली ठेवला.

"दहापैकी किती द्यायचे, बाबा?"

"खोटा हाय तुझा गेम," ते म्हणाले. "एवढ्या लवकर कोण येत न्हाई."