बिनवासाचं औषध

गच्चीतल्या टोमॅटोंवर आजोबा पंपाने औषध फवारत होते. बाटलीवरची बारीक अक्षरं त्यांना दिसत नसत, म्हणून औषध कालवून द्यायचं काम आजीकडे होतं.

"औषध असावं तर असं! एक अळी नाही, वरून वासही नाही," त्यांनी शेजाऱ्यांना पुन्हा ऐकवलं.

तेवढ्यात नातीने ओला टोमॅटो तोडून तोंडात टाकला.

"थुंक! थुंक आधी!" आजोबांच्या हातातला पंपच गळाला.

"खाऊ दे तिला. नुसतं पाणी आहे ते," आजी म्हणाली. "बाटलीवरचं वाचलं आणि त्याच दिवशी दुकानात परत देऊन आले."

आजोबांनी पंप उचलून हुंगला. "मग अळ्या घालवतं कोण?"

आजीने हिरवी पडलेली बोटं त्यांच्यासमोर धरली. "तुम्ही सकाळी घोरत असता ना, तेव्हा वेचते एकेक."