ठिपके की पट्टे

भिंगाखालच्या बशीत ठिपकेवाला उरलाच नव्हता. पट्टेवाला चालत होता आणि शेजारी एक पांढरी, पोकळ कात पडली होती.

वहिनींनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. किडा तिळापेक्षा लहान. कुंडी हलवली की खालच्या ओल्या मातीतून टुणकन उडणाऱ्या स्प्रिंगटेलांपैकी एक. बशीत त्याला एकट्यालाच ठेवलं होतं, दुसरा येणार कुठून? पाठीवरचे ठिपके जुळून तीन आडवे पट्टे झाले होते. म्हणजे ठिपकेवाली ही पोरं, पट्टेवाले त्यांचेच आईबाप. प्रजाती एकच. एकवीस वर्षं वहिनी हेच सांगत होत्या.

आणि एकवीस वर्षं नणंद ते खोडून काढत होती. ती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची, वहिनी माती तपासायच्या प्रयोगशाळेत. गॅलरीतली कुंडी सरकवताना दोघींना हे किडे एकदमच दिसले होते. दोघी फरशीवर पालथ्या, आणि आत एकीचा भाऊ, दुसरीचा नवरा ओरडत होता, "अहो शास्त्रज्ञ, दूध उतू गेलं!" तो गेला. दोघी निवृत्त झाल्या. वाद तेवढा राहिला, रोज त्याच शब्दांत.

"वन्सं, केस पांढरे झाले म्हणून तुम्ही दुसऱ्या कुणी झालात का?"

"माझं सोडा. मी ठिपकेदार कधीच नव्हते."

पाळलेले सगळे ठिपकेवाले आजवर कात टाकण्याआधीच मेले. त्यामुळे कुणीच हरलं नव्हतं.

वहिनी जवळजवळ धावतच बाहेर आल्या. नणंद बॅगेची चेन ओढत होती. तीन जिने आता गुडघ्यांना झेपत नव्हते. ती धाकट्या बहिणीकडे कायमची निघाली होती.

"वन्सं..."

"फोन करीन हो दर रविवारी," नणंद चेनशी झटत म्हणाली. "पण बोलायचं काय? तुमचं बीपी, माझे गुडघे? गोड बोलणं आपल्या दोघींनाही जमत नाही. तो किडा आहे म्हणून बरं." तिनं मान वर केली. "काय म्हणत होतात? काही बदल?"

एकवीस वर्षांचं उत्तर ओठांवर आलं होतं. वहिनींनी ते गिळलं.

"छे. ठिपकेच आहेत अजून."

"असणारच. प्रजातीच वेगळी." सकाळपासून नणंद पहिल्यांदा हसली. "लक्ष ठेवा. रविवारी सांगा."

टॅक्सी वळेपर्यंत वहिनी खिडकीत उभ्या राहिल्या. मग टेबलाशी आल्या. तोंडानं काहीही बोलता येतं, पण लेखी खोटं उतरवायला त्यांचा हात धजत नसे. त्यांनी दोघींच्या नोंदवहीत आजचं पान उघडलं.

नणंदेच्या बारीक, तिरक्या अक्षरात तिथं आधीच लिहिलेलं होतं:

'पहाटे ५.४०. कात टाकली. तीन पट्टे. प्रजाती एकच. रविवारी फोनवर मी हे मान्य करणार नाही.'