मापाचे प्लग

"हेही चालायचे नाहीत," म्हातारा बेलार्मिनो स्पार्क प्लग उजेडात धरून म्हणाला.

रेनिएल खुर्चीत टेकला. अमेरिकेतल्या टँपाहून क्युबातल्या मातान्सासपर्यंतचा प्रवास अजून अंगातून उतरला नव्हता.

"पापा, छप्पन सालची फोर्ड, आठ सिलिंडर. अठरा मिलिमीटर जाडी, निमुळती बैठक, वॉशर नाही. तुम्हीच सांगितलंत. दुकानदारानं पुस्तकात बघून दिलेत."

"पुस्तक गाडी चालवत नाही. आट्याची लांबी बघ. पिस्टन वर आला की थडकेल. इंजिनचा भुगा!"

गेल्या वर्षी त्यानं आणलेल्या प्लगचा आटा आखूड निघाला होता. त्याआधीचे प्लग म्हणे थंड जातीचे, लगेच काजळी धरणारे.

शेजारची नेरेइदा कुंपणावरून कॉफी देत म्हणाली, "अरे, प्लग शोधतोयस की सून? पोराला किती छळशील!"

"तू गप्प बस गं, भवाने," म्हातारा हसला.

रेनिएल हसला नाही. "पापा, पुढच्या वर्षी मी येणार नाही. रजा मिळत नाही, आणि खरं सांगू, आता झेपतही नाही. माप सांगा, कुणाबरोबर तरी पाठवून देईन."

"दुसऱ्याला मापातलं काय कळतंय?"

"मला तरी कुठं कळतंय!"

म्हाताऱ्यानं कप खाली ठेवला. "भात करपतोय बहुतेक," म्हणत तो आत गेला.

नेरेइदाही निघून गेली. गाडी आंब्याखाली उभी होती. चाकांना ओली लाल माती होती; सावलीत आणायला ढकलली असेल. प्लगवाचून चालू होत नाही, मग उघडून काय बघणार, असं म्हणून म्हातारा बॉनेटला कधी हात लावू देत नसे. आज रेनिएलचं डोकं फिरलं होतं. एक तरी प्लग बसवून दाखवायचाच, म्हणून त्यानं पाना उचलला आणि बॉनेट वर केलं.

आत डिझेल इंजिन होतं. कुठल्याशा ट्रकचं, बरीच वर्षं चाललेलं, निगुतीनं पुसलेलं. डिझेलला ठिणगी लागत नाही, एवढं त्यालाही ठाऊक होतं. प्लग बसवायला जागाच नव्हती.

त्यानं आवाज न करता बॉनेट खाली केलं आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. म्हातारा पाठमोरा भात ढवळत होता.

"पापा, तुमचंच खरं," रेनिएल म्हणाला. "आटा लांबच आहे. पुढच्या वर्षी नीट मापाचे घेऊन येतो."