पसंतीला आलेली दोन जाकिटं

दोन हजार तेवीस साल. दसरा होऊन गेला होता आणि सोलापूरच्या नवी पेठेत दिवाळीची गर्दी अजून सुरू व्हायची होती. प्रभुलिंग यांच्या दुकानातल्या पांढऱ्या गादीवर, चादरींच्या जागी, दोन जाकिटं उलगडून ठेवली होती. एक काळं, जाडजूड, पाठीला कडक पाटी असलेलं. दुसरं करड्या रंगाचं, इतकं पातळ की घडी घातली तर उशीच्या अभ्र्यात मावावं.

पुण्याच्या एका दुकानदाराने दोन्ही पसंतीला पाठवली होती. एक ठेवायचं, एक परत करायचं. कापडाच्या धंद्यातली ही जुनी रीत. समुद्रात बुडी मारायच्या सामानालाही ती चालते, हे प्रभुलिंगांनीच त्याला फोनवर पटवलं होतं.

जाकीट काव्यासाठी होतं, त्यांच्या एकुलत्या एक लेकीसाठी. ती इथल्या तलावात पोहायला शिकली, मालवणला जाऊन स्कूबा शिकली, आणि आता अंदमानातल्या एका बेटावर पर्यटकांना समुद्राखाली फिरवून आणायची नोकरी तिला लागली होती. पाण्यात उतरताना हे जाकीट घालायचं, पाठीवरची हवेची टाकी त्यालाच बांधायची. जाकिटात हवा भरली की माणूस वर येतो, काढली की खाली जातो. जीवच त्याच्यावर.

"हितं नळाला पाच दिवसाआड पाणी," श्रीदेवीअक्का म्हणाल्या, "आन् आमची पोरगी चालली समुद्राच्या तळाला!"

अक्का म्हणजे प्रभुलिंगांची थोरली बहीण. काव्याची आई गेल्यापासून घर त्यांनीच सांभाळलं होतं. एरवी त्यांच्या बोलण्यावर दुकान हसायचं. आज कुणी हसलं नाही.

घरात एक प्रश्न होता आणि तो कुणी तोंडाने विचारत नव्हतं. पोर परत येणार का? शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या गल्लीतून पुण्याला, बेंगळुरूला, दुबईला गेलेली मुलं प्रभुलिंगांनी पाहिली होती. सुरुवातीला ती संक्रांतीला, गड्ड्याच्या जत्रेला येतात. मग नुसते फोन येतात. मग म्हाताऱ्यांना घेऊन जातात आणि घराला कुलूप लागतं.

प्रभुलिंगांनी काळं जाकीट उचललं. चादरीचं करत तसं एक टोक चिमटीत धरून बाकीचं लोंबू दिलं.

"हे घे. हाताला वजन लागतंय बघ. याला म्हणतात माल."

"अप्पा, ते वजनच तर नको."

"का? पातळ चादर दोन धुण्यात विरते. हितं तर तुझा जीव आहे की."

"पातळ आहे, कच्चं नाही. पाण्यात दोन्ही सारखंच काम करतात. हे निम्म्या वजनाचं आहे, एवढंच. विमानात सामान तोलून घेतात."

"मग विमानातनं नेऊच नको की. चेन्नईहून जहाज जातं. मी पार्सल करतो."

"कशाला पण? हे आहे ना इथं चांगलं."

"बापानं घेऊन दिलेलं जड वाटतंय व्हय तुला?"

समोर चादरी बघत बसलेल्या एक बाई मान खाली घालून काठाची वीण बारकाईने पाहू लागल्या.

"प्रभू, हळू," अक्का म्हणाल्या. "गिऱ्हाईक बसलंय."

काव्याने करडं जाकीट घडी करून वडिलांपुढे ठेवलं. त्यांनी ते बाजूला सारलं. पोर कायमची जाणार, हे त्यांनी मनाशी धरून ठेवलं होतं. आता निदान आपण दिलेली वस्तू तरी तिच्यापाशी जन्मभर टिकावी. लग्नात लेकीला कुणी हलकी भांडी देतं का?

त्यांचा आवाज उतरला.

"अगं, एकदाच तर न्यायचंय."

काव्या त्यांच्याकडे बघतच राहिली.

"एकदाच कसं, अप्पा? जूनमध्ये तिथला समुद्र खवळतो, काम बंद पडतं. तो सगळा पावसाळा मी इथं. तलावात मुलांना शिकवायचं ठरलंय माझं. दरवर्षी हे घेऊन यायचं, दरवर्षी घेऊन जायचं. जड जाकीट कोण घेतं माहीत आहे? ज्यांना तिथून हलायचं नसतं, ते."



"मग हे आदी सांगायला काय झालं होतं गं, भवाने?" अक्का म्हणाल्या.

"कुणी विचारलं का मला?"

प्रभुलिंगांनी काळं जाकीट उचललं, पट्टे आत दुमडले, एखादी भारी चादर ठेवावी तसं ते खोक्यात ठेवलं आणि वर पुण्याचा पत्ता चिकटवला. मग करडं जाकीट तळहातावर घेऊन ते पुष्कळ वेळ बसून राहिले.

"लई हलकं आहे," ते त्या बाईंना म्हणाले. जणू त्यांनीच भाव विचारला होता.

काव्या बोलल्याप्रमाणे दर जूनला घरी आली. जाकीट अजून तेच आहे, एक पट्टा तेवढा बदलावा लागला. तिच्या तलावातल्या वर्गात त्या गिऱ्हाईक बाईंचा नातू आता पोहण्यात सगळ्यांच्या पुढे आहे. दुकानाच्या गादीवर श्रीदेवीअक्का बसतात आणि उधारी मागायला कुणी धजत नाही.

प्रभुलिंग यंदा फेब्रुवारीत लेकीचं काम बघायला, आठ दिवसांसाठी म्हणून, बेटावर गेले. समुद्रातून कुडकुडत वर येणारी माणसं त्यांनी पाहिली आणि अक्कांना फोन करून सोलापुरी टॉवेलांचा एक गठ्ठा मागवला. मग आणखी एक. आता धक्क्याजवळ त्यांची छोटी टपरी आहे. अक्का फोन करतात तेव्हा ते म्हणतात, "येतो की."

काव्या जूनमध्ये आली. प्रभुलिंग अजून आलेले नाहीत.