शाफ्टवरची खाच

पिकअपने वेग धरला तसा मिस्त्री पुढे वाकला आणि पायाशी असलेल्या पत्र्यावर त्याने तळवा टेकला.

"आता बघा," ड्रायव्हर म्हणाला, "साठच्या पुढे गेली की अंगात आल्यासारखी करते. शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस बदलायच्या आधी नुसती टकटक होती. तुम्ही बदललात आणि हे सुरू झालं. मागे अंडी असतात मिस्त्री, पोचेपर्यंत आम्लेट होतं."

समोरची पाण्याची बाटली थरथरत होती, दाराची काच थरथरत होती. तळव्याला काही कळेना. दुसऱ्याचाच हात पत्र्यावर ठेवल्यासारखा तो तिथे पडून होता.

"स्टिअरिंग हलतंय?"

"छे. बूड हलतंय."

"न्यूट्रल कर."

ड्रायव्हरने केली. "तरी तेच. म्हणजे इंजिन नाही, पुढची चाकं नाहीत. शाफ्टच ना? हाताला लागत नाही का तुमच्या?"

"लागतंय," मिस्त्री म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

गॅरेजात गाडी खड्ड्यावर घेतली. मिस्त्री खाली उतरला, मागोमाग बायको बॅटरी घेऊन उतरली. पाने देणं, दिवा धरणं, हे तिचंच काम. दात्यांनी एकमेकांत बसणारे शाफ्टचे दोन तुकडे सोडवण्याआधी तो दोन्हींवर छिन्नीची एकेक खाच मारायचा. पुन्हा जोडताना खाचेसमोर खाच आली की शाफ्ट सरळ फिरणार. दोन खाचांवर दोन अंगठे ठेवून तो त्या जुळवायचा, अंधारात. दिवा कशाला, अंगठ्यांना डोळे आहेत, म्हणायचा.

आताही त्याने तसेच अंगठे टेकवले. "जुळल्यात की."

बायकोने बॅटरी लावली. वाकून तिने खाचा जवळून बघितल्या.

"अहो," ती हळूच म्हणाली, "एक दाता सरकलाय."

"सावली पडली असेल."

"सावली नाही हो."

वरून ड्रायव्हरचा आवाज आला. "सापडलं का? गावभर सांगत फिरतो मी, तुमच्या हाताला गुण आहे म्हणून. मला तोंडावर पाडू नका."

"सापडलं," बायकोने वर सांगितलं. "थांबा थोडं."

मिस्त्रीने अंगठे दाबले. पुढे नेले, मागे आणले, पुन्हा दाबले. ताज्या खाचेची कड अजून घासली गेली नव्हती. खालच्या फरशीवर ऑइलचे जुने डाग होते, त्यांत एक नवा थेंब पडला. मग दुसरा. बायकोने बॅटरी खाली वळवली आणि पुन्हा त्याच्या हातांवर आणली.

"अहो, हात काढा. रक्त येतंय."

तो शाफ्टकडेच बघत होता.

"कुठल्या हाताला?" त्याने विचारलं.