नळाचं नाही, विहिरीचं नाही

आज पुन्हा गादी ओली होती. रुचिताने गाडीच्या छताच्या झडपेवरून हात फिरवला. पत्र्याच्या कडेला थेंब लोंबत होते. बाहेर जानेवारीची कोरडी सकाळ. दिवाळीनंतर गास गावात पाऊस पडलाच नव्हता.

थोड्या वेळात स्टॅनी अंकल गाडी परत न्यायला येणार होते. ही राहायची गाडी तिने त्यांच्याकडूनच घेतली होती. जुनी, पण आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, सगळं शाबूत. आईला घेऊन फिरायचं, एवढ्यासाठीच घेतलेली. गळती सुरू झाली तेव्हा अंकल दोनदा येऊन सगळे सांधे सिलिकॉनने भरून गेले. गाडी विकली आणि विहीर फुकट दिली, असं म्हणून हसलेही. शेवटी त्यांनीच सांगितलं होतं, रविवारपर्यंत कारण सापडलं नाही तर मी परत घेतो. आज रविवार होता.

आई, चंद्रकांता, मुळातच या गाडीच्या विरुद्ध. लग्न होऊन आल्यापासून ती दोनच घरांत झोपली होती, इथे आणि निर्मळला माहेरी. केळीच्या वाडीला पाणी कोण देणार, हे तिचं पहिलं कारण. दुसरं, परक्या जागी आपल्याला झोप लागत नाही. गाडीला ती चाकांवरची मोरी म्हणायची.

रुचिता रसायनशास्त्र शिकलेली. तिने एका वेळी एकच गोष्ट तपासली. टाकी रिकामी केली. गादी ओली. विहिरीच्या पाण्यात नीळ कालवून ते छतावर सोडलं. आत निळा ठिपकाही नाही, पण दुसऱ्या दिवशी गादी ओलीच, आणि पाणी स्वच्छ. रोज ती माडीवर झोपायची. एकदा मात्र रात्रभर पडवीत गाडीच्या पहाऱ्याला बसली. त्या रात्री थेंबही पडला नाही. सकाळी चहा देताना आईने विचारलं, गळती तुला लाजते की काय.

आता शेवटचा उपाय. तिने थेंब वाटीत गोळा केले आणि क्षार मोजायचा मीटर त्यात बुडवला. त्यांच्या विहिरीचं पाणी मचूळ, आकडा हजाराच्या आसपास असायचा. नळाचं त्याच्या चौथाई. वाटीतल्या पाण्याचा आकडा जवळजवळ शून्य होता. तिने मीटर पुसला, पुन्हा बुडवला. तेच.

असं पाणी विहिरीतून येत नाही, नळातूनही नाही. प्रयोगशाळेत ते वाफ थंड करून मिळवावं लागतं. पण वाफ कुठली? शेगडी तर एकदाही पेटली नव्हती. रुचिता गोंधळून पत्र्याकडे बघत राहिली. केळींच्या सावलीत तो अजून गार होता. तिने तोंड जवळ नेऊन श्वास सोडला. पत्रा धूसर झाला.

बाहेर स्कूटर थांबली. अंकल दारात आले आणि काही सापडलं का विचारू लागले. रुचिता खाली उतरली. आई पाटाच्या कडेला वाकून केळींकडे पाणी वळवत होती.

"आई, रात्री गाडीत तू झोपतेस?"

आईने आधी पाटाचं तोंड बंद केलं, मग साडीला हात पुसले. अंकलांकडे तिने पाहिलं नाही.

"वाडीच्या पाण्याचं शेजारच्या ऑगस्टीनला सांगून ठेवलंय, बाय," ती म्हणाली. "झोपेचं तेवढं बघायचं राहिलं होतं. लागते."